रक्त येईपर्यंत

तोंड उघडं

"मोठा आ कर. आणखी. हां, असाच ठेव."

डॉक्टर भस्मेंनी आरशाच्या दांडीने माझ्या वरच्या, समोरच्या दातावर टिचकी मारली.

मी : आ!

"लागतंय. आत पू धरलाय. तुटला कशाने?"

"वरातीत नवरदेवाच्या दोस्तामुळं," आण्णा म्हणाले. आण्णा म्हणजे माझे वडील, बँडमास्तर. दवाखान्यातल्या एकुलत्या एक स्टुलावर ते गुडघे जुळवून बसले होते.

"मारामारी झाली?"

"न्हाय वो. नाचत हुता. पाठमोरा नाचत नाचत मागं आला आन् हिच्या क्लॅरोनेटवर आदळला. वाद्य हिच्या त्वांडात. खाडकन आवाज झाला. मला वाटलं ढोलाची वादी तुटली."

"ही वाजवते? केवढी आहे ही?"

"नऊ सरलं."

"आणि दात तुटून किती दिवस झाले?"

"लगीनसराई हुती, डाक्टर."

मी : आआ.

इथे थांबून एक सांगते. या गोष्टीत माझं तोंड बराच वेळ उघडं आहे, त्यामुळे बोलणं माझ्या वाट्याला कमी येणार. जिथे 'आ' लिहिलाय तिथे मला काहीतरी म्हणायचं होतं असं समजावं. आत्ताच्या 'आ'मध्ये मला म्हणायचं होतं की लगीनसराई संपून पण बरेच दिवस झाले, मीच दुखतंय म्हणून सांगितलं नाही.

भस्मेंनी दाताचा एक्स-रे फोटो ट्यूबलाइटसमोर धरला.

"हे बघा मास्तर. हे दाताचं मूळ. टोकाला ते बंद झालेलं असायला हवं. हिचं उघडंच आहे, नळीसारखं. मूळ पुरं व्हायच्या आधीच आतली नस मेली आणि वाढ थांबली. भिंती किती पातळ आहेत बघा. अंड्याचं कवच."

"मग आता?"

"दोन रस्ते. एक, काढून टाकायचा आणि पुढे कवळी. दोन, आतून स्वच्छ खरवडून सिमेंट भरायचं. दिसायला उभा राहील. पण वाजवायचं विसरा. क्लॅरोनेट याच दातांवर टेकतो ना?"

"ह्याच."

"मग एखाद्या वरातीत पुन्हा खाडकन. आणि तेव्हा मुळातून. माझं ऐकाल तर कवळी. मुलगी आहे, चारचौघांत हसायला दात..."

आण्णांनी तोंडात बोट घातलं, आपली कवळी काढली आणि तळहातावर ठेवून डॉक्टरांपुढे धरली. पुढचे चार दात, गुलाबी हिरडीसकट.

"कवळीचं मला शांगू नका," आण्णा म्हणाले. दात नसले की त्यांचा 'स' असाच व्हायचा. "माझ्यापाशी हाय."

तोंड मिटलेलं

आमचा ऐवळे ब्रास बँड. त्यात क्लॅरोनेट आण्णा वाजवायचे. सांगोल्यापासून आटपाडीपर्यंत लोक लग्नाची तारीख आण्णांची सवड बघून धरायचे असं आई सांगायची. मग ते मोटरसायकलवरून पडले, पुढचे दात गेले, कवळी आली, आणि आण्णांनी गळ्यात मोठा ढोल अडकवला. लोक समजायचे की कवळी हलते म्हणून मास्तरांना फुंकता येत नाही. आण्णा कुणाची समजूत दुरुस्त करायला गेले नाहीत.

घरात एक छोटा क्लॅरोनेटही होता. तो मी कुणी न शिकवता वाजवायला लागले. आण्णांनी एकदाच सांगितलं, "गाल फुगवू नगंस. बेडकी हाईस का?" बाकी सगळं मी ऐकून उचललं.

घरी परत जाताना रिक्षात मी विचारलं, "आण्णा, काढायचा का दात?"

"तुला काय वाटतंय?"

"मला वाजवायचं हाय."

"मग त्येवढंच बोल. बाकीचं डाक्टर बघतील."

तोंड उघडं

गुरुवारी सोलापूरहून डॉक्टर फरीदा मुलाणी यायच्या. कधीकाळी त्या भस्मेंच्याच हाताखाली शिकल्या होत्या, पुढे पुण्याला जाऊन लहान मुलांच्या दातांचं शिकून आल्या. भस्मेंनी त्यांना माझा फोटो दाखवला तो खरं तर कौतुकाने, की बघ कशी अवघड केस आली आहे.

"सर, तिसरा रस्ता आहे," त्या म्हणाल्या.

"तुमच्या पुस्तकात असेल."

"हे मुळाचं उघडं टोक. त्याच्या पलीकडे एक मऊ गोळा असतो. मूळ बांधणारे गवंडी तिथे राहतात म्हणा. नस मेली तरी ते पुष्कळदा जगतात. त्यांना आत बोलवायचं."

"कोन गवंडी?" आण्णांनी विचारलं.

"पेशी. स्टेम सेल म्हणतात त्यांना. आपण काय व्हायचं हे त्यांनी अजून ठरवलेलं नसतं. पुण्यात आम्ही लोकांच्या काढलेल्या अक्कलदाढा फोडून आतल्या गरातून त्या काढायचो आणि बशीत वाढवायचो. एका बशीत हाडाकडे वळवायच्या, दुसऱ्या बशीत चरबीकडे. त्यांच्यापासून कुणी जबड्याचं हाड भरून काढायला बघतंय, कुणी डोळ्याचं बुबुळ दुरुस्त करायला बघतंय."

"अक्कलदाढेतून बुबुळ!" भस्मे हसले. "मी जन्मभर बादलीत टाकत आलो की."

"हिला बशी लागणार नाही सर. हिच्या स्वतःच्या तोंडात आहेत."

मी : आ?

"हो, तुझ्या. आतला पू औषधाने धुवायचा, पण भिंती खरवडायच्या नाहीत. तीन-चार आठवडे औषध ठेवायचं. मग बारीक सुई टोकापलीकडे नेऊन जरा डिवचायचं. रक्त दातात चढतं. ते चढू द्यायचं, गोठू द्यायचं. रक्ताबरोबर पेशी येतात आणि त्या गाठीला धरून कामाला लागतात."

भस्मेंनी हातमोजे काढले. "रक्त काढायचं? मुद्दाम? फरीदा, मी तुला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं?"

"रक्त थांबल्याशिवाय पुढे हात घालायचा नाही."

"आणि नळी?"

"धुतलेल्या पितळीसारखी झाली पाहिजे."

"मग आता ही पितळी न घासता तू तिच्यात रक्त ओतणार."

"हो सर."

"आन् रक्त आलं न्हाय तर?" आण्णा मध्ये पडले.

"तर सरांचं सिमेंट आहेच. आलं तर मूळ जाड होईल, टोक बंद होईल. पण मास्तर, खात्री देत नाही. आत आलेल्या पेशी दातच बांधतील की हाडासारखं काही, ते त्यांच्यावर आहे."

"वाजवायला?"

"दोन्ही चालेल."

आण्णा माझ्याकडे वळले. माझ्या दातांत कापूस आणि तोंडात लाळ ओढणारी नळी होती.

मी : आ.

"व्हय म्हणत्या," आण्णा म्हणाले.

तोंड मिटलेलं

मॅडमनी दात धुऊन आत औषध ठेवलं, त्या आठवड्यांमध्ये क्लॅरोनेटला हात लावायचा नव्हता. मी लाटण्यावर बोटं फिरवायचे. आई पोळ्या करायला बसली की लाटणं शोधत यायची आणि "आधी गिळायला करते, मग तुझी मैफल" म्हणून हिसकावून न्यायची. वरातीत आण्णांनी माझ्या हातात खुळखुळे दिले. मी! खुळखुळे! नवऱ्याकडची बारकी पोरं येऊन "मला दे की, मला दे की" करायची.

गळू बसलं, पू थांबला. भस्मेंनी फोटो बघितला आणि नुसतं "हं" म्हणाले.

तोंड उघडं

ठरलेल्या गुरुवारी सोलापूरची एसटी रखडली. भस्मेंनी मला खुर्चीत घेतलं.

"फरीदा येईपर्यंत बधिर करून ठेवतो. तिचा वेळ वाचेल. दुखलं तर काय करायचं?"

मी : आ. (आणि एक बोट वर केलं.)

"शहाणी आहेस."

सुई टोचली. ओठ जड झाला, मग गाल, मग नाक. फरीदा मॅडम धापा टाकतच आत आल्या, हात धुतले, माझ्या दाताभोवती रबराचा हिरवा पडदा ताणून बसवला. आता तोंडात फक्त तो एक दात बाहेर होता. पडद्याखाली माझी जीभ कोंडलेली.

"चल वैजू. आता तुझे गवंडी बोलवू."

आत काहीतरी बारीक गेलं. मला कळलंसुद्धा नाही. रक्त आलंय का बघायला त्यांनी कागदाची काडी आत घालून बाहेर काढली. पांढरी.

पुन्हा सुई. पुन्हा काडी. पांढरी.

"येत नाही?" भस्मे.

"येईल."

आणखी एकदा. मॅडमच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. काडी पांढरीच.

"फरीदा."

"सर, एक मिनिट."

"पू फार दिवस होता तिथे. त्या पोरीने सांगितलंच नाही कुणाला. तुझे गवंडी गेले, बाई. मेलेल्या जागेतून रक्त कुठून येणार?"

मॅडमनी ती काडी उजेडात धरून पुन्हा बघितली.

"तू केलंस ते पुस्तकाप्रमाणे केलंस. मला वाईटच वाटतंय. पण दात असा उघडा ठेवू नकोस. मी सिमेंट कालवतो."

काचेच्या पट्टीवर लोखंडी पाती फिरायला लागली. कर्र, कर्र. तो आवाज मी आजही ओळखेन. मॅडमनी सुई ट्रेमध्ये ठेवली. ठेवली म्हणजे ठेवलीच. त्या हरल्या होत्या.

मी : आ.

कर्र, कर्र.

मी : आआआ!

"झालंच हं," भस्मे म्हणाले.

मी मूठ वर केली.

वाद्य तोंडात असलं की माणसाला बोलता येत नाही, म्हणून बँडवाल्यांची सगळी बोलणी हातांनी, डोळ्यांनी, कोपरांनी होतात. कोपर बाहेर म्हणजे जलद. भुवया वर म्हणजे पुढचं गाणं. आणि मूठ वर म्हणजे सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. मूठ कोणीही वर करू शकतो, अगदी झांजवालासुद्धा, आणि ती खाली येईपर्यंत मास्तरही वाजवत नाही.

आण्णा स्टुलावरून उठले. "थांबा."

"दुखत असेल. पोरं मुठी आवळतात."

"दुखलं तर बोट ठरलंय. ही मूठ हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे थांबा. ते हातातलं पण थांबवा, डाक्टर."

पाती थांबली.

"का थांबायचं?" भस्मेंचा आवाज चढला. "सिमेंट सुकायला लागलंय."

"का ते तिला इचारा."

"तिच्या तोंडावर पडदा आहे!"

"मग काढा की."

मॅडमनी दातात कापसाचा बोळा दडपला आणि पडदा काढला.

तोंड मिटलेलं

माझ्याकडे कारण नव्हतं. मला फक्त ते सिमेंट नको होतं. तिघं माझ्याकडे बघत होते आणि ओठ माझ्या ताब्यात नव्हते, लाळ हनुवटीवर गळत होती.

"मला कायबी लागंना," मी म्हणाले. "नाक पण झोपलंय. मग रक्त पण झोपलं असंल. जरा थांबूया की."

भस्मे "अगं बाळ," म्हणून हसायला लागले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझा ओठ उलटा करून बघितला. हिरडी दाबली.

"पांढरी पडलीय," त्या म्हणाल्या. "सर, इंजेक्शन कुठलं दिलंत?"

"नेहमीचं."

"मी फ्रिजमध्ये साधं ठेवलं होतं. निळ्या डबीत."

भस्मेंनी फ्रिज उघडला; निळी डबी तशीच होती. बाहेर बाकावर कुणीतरी पेपर उलटत होतं.

"काय झालं?" आण्णांनी विचारलं.

भस्मेंनी स्वतःच सांगितलं. "मास्तर, आमच्या नेहमीच्या इंजेक्शनात रक्तवाहिन्या आवळणारं औषध मिसळलेलं असतं. रक्त येऊ नये म्हणून. जन्मभर तेच देत आलो. हात आपोआप तिकडेच गेला." मग त्यांनी काचेची पट्टी उचलली, निम्मं घट्ट झालेलं सिमेंट पात्याने खरवडलं आणि बादलीत टाकलं. "तुझं नाक बरोबर बोललं, वैजू. पुढच्या गुरुवारी—"

"पुन्हा पुन्हा उघडायला नको," मॅडम म्हणाल्या. "जंतू शिरायची भीती. थांबू. उतरू दे."

"तुझी परतीची गाडी?"

"जाऊ दे."

दुपारभर आम्ही दवाखान्यात बसलो. भस्मे दुसरे पेशंट बघत होते आणि मधूनच दारातून ओरडत होते, "वैजू, पपई म्हण!"

"फफई!"

"नाही अजून."

चहा आला. मला मिळाला नाही. भस्मे कप घेऊन आण्णांच्या शेजारी येऊन टेकले.

"मास्तर, एक विचारू? तुमची कवळी चांगली बसलीय. मी त्या दिवशी बघितली. हलत नाही. मग क्लॅरोनेट का सोडलात?"

आण्णांनी बराच वेळ बशीत फुंकर घातली.

"दात वाद्यावर टेकला की सूर दातातनं डोक्यात जातो, डाक्टर. हितं." त्यांनी कानामागे बोट लावलं. "कानाच्या आधी हितं कळतं, बरोबर हाय का चुकला. कवळी लावली आन् ते बंद झालं. वाजतंय, लोक ऐकत्यात, मलाबी भाईरनं ऐकू येतंय. आत कायच न्हाय. माझं मलाच वाजिवल्यासारखं वाटंना. मग म्हटलं, ढोल बरा. ढोल पोटात तरी वाजतो."

हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. भस्मे कप हातात धरून बसले. चहा निवला तसा त्यांनी तो ठेवून दिला.

"पपई," मी म्हणाले.

तिघांनी एकदम वळून पाहिलं.

"पपई. पपई. पपई!"

तोंड उघडं

हिरवा पडदा. निळी डबी. या वेळी इंजेक्शन मॅडमनी दिलं.

"हे औषध कमी पुरतं," त्या म्हणाल्या. "टोकाला तुला लागेल. लागलं तर घाबरू नकोस. लागणं चांगलं."

मी : आ.

"सर, काडी द्याल?"

भस्मे त्यांच्या बाजूला उभे राहिले, मदतनीस उभा राहतो तिथे. काडी हातात तयार.

सुई आत गेली. गेली. आणखी गेली. आणि मग नाकाच्या मुळाशी कोणीतरी विंचू सोडला.

मी : आ!

माझं बोट आपोआप वर गेलं. मग मीच ते खाली घेतलं आणि खुर्चीचा हात धरला.

"आणखी एकदाच, राणी."

मी : आआआआ—

"आलं," भस्मे म्हणाले.

मला दिसत नव्हतं. मला त्यांचा चेहरा दिसत होता. चष्म्याच्या दोन्ही काचांत छोटा लाल ठिपका होता आणि तो वाढत होता.

"आलं, फरीदा. चढतंय. चढतंय बघ! मास्तर, या, इकडे या, बघा!"

आण्णा आले, वाकले, बघितलं.

"रक्त हाय की," ते म्हणाले.

"रक्तच तर!" भस्मे म्हणाले. असं खूश होऊन रक्ताबद्दल बोलणारा दातांचा डॉक्टर मी त्यानंतर पाहिला नाही. कापसाकडे जाणारा आपला हात त्यांनी दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता. रक्त दाताच्या मानेपर्यंत आलं, थांबलं, गोठलं. मॅडमनी त्यावर पांढऱ्या लेपाचं झाकण बसवलं. खाली सगळं तसंच सोडून दिलं.

तोंड मिटलेलं

महिने.

खुळखुळे.

लाटणं.

तोंड उघडं

दर काही महिन्यांनी फोटो. पहिल्या फोटोत काहीच नाही. दुसऱ्या फोटोत भस्मे म्हणाले, "मला वाटतंय का खरंच आहे?" तिसऱ्यात त्यांनी जुना फोटो शेजारी लावला आणि भिंगातून पाहत राहिले. भिंती जाड झाल्या होत्या. नळीचं तोंड आवळत आलं होतं, पिशवीची नाडी ओढावी तसं.

दीड वर्षाने एका गुरुवारी त्यांनी फ्रिजमधून सुईचं प्लास्टिकचं टोपण काढलं. त्यात पाणी भरून त्यांनी बर्फाची कांडी केली होती.

"वैजू, डोळे मीट. काही जाणवलं तर हात वर कर. नाही जाणवलं तर गप्प."

शेजारच्या दाताला कांडी लागली. हात वर.

मग त्या तुटलेल्या दाताला काहीतरी लागलं. गार नव्हतं. मी गप्प.

"बोट होतं माझं," भस्मे म्हणाले. "बघत होतो, खोटं बोलतेस का."

मी : आ!

मग पुन्हा. आधी काही नाही. मग फार लांबून, विहिरीच्या तळातून वर यावं तसं, एक बारीक गार. मी हात वर केला.

"पुन्हा."

हात वर.

"पुन्हा. फरीदा, तू लाव. माझा हात हलत असेल."

हात वर. दोन्ही हात वर.

"म्हंजे दात जिता झाला?" आण्णांनी विचारलं.

"पहिली नस परत आली असं मी म्हणणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण आत कुणीतरी राहायला आलंय, आणि त्याला थंडी वाजतेय."

भस्मेंनी बर्फाचं टोपण स्वतःच्या खिशात टाकलं. खिसा ओला होत गेला आणि त्यांना ते कळलं नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "हिला वाजवू द्या."

तोंडात क्लॅरोनेट

आण्णा चप्पल दवाखान्यातच विसरून घरी पळाले आणि पेटी घेऊन आले. मी खुर्चीतच बसले होते. वाद्य जोडलं, फुंकायच्या तोंडावरची वेताची पट्टी जिभेवर ओली केली, वरचा दात टेकवला आणि फुंकलं.

आता माझा स्वतःचा बँड आहे. खुळखुळे वाजवायला माणूस आहे. पाठमोऱ्या नाचणाऱ्यांना लांब ठेवायला दोघं तगडे गडी आहेत. हजारो वेळा मी वाजवलं असेल, पण तसा भयानक आवाज माझ्या हातून पुन्हा निघालेला नाही. दीड वर्षं ओठ रिकामे होते. चीं करून अशी चिरकी किंचाळी निघाली की फरीदा मॅडमनी कानांवर हात ठेवले.

बाहेरच्या बाकावरचा माणूस, गाल सुजलेला, दारातून डोकावला.

"डाक्टर, आत कुणाचा उपटताय?"

"कुणाचा नाही. बसा."

"उद्या येतो," तो म्हणाला. त्याच्या मागोमाग एक बाई उठली, तिच्यामागून तिचा मुलगा. पायऱ्यांवर चपला वाजल्या. बाक रिकामं झालं.

आण्णांनी तिकडे पाहिलंही नाही. ते माझ्यासमोर उकिडवे बसले होते, अनवाणी, कानामागे बोट लावून.

"आला का?" त्यांनी विचारलं. "आत आला का?"

वाद्य तोंडातून न काढता मी मान हलवली.

"किंचाळला पण," मॅडम म्हणाल्या.

"किंचाळू दे," भस्मे म्हणाले, आणि दवाखान्याचं दार आतून लावून घेतलं. "घे, पुन्हा घे. पेशंट काय, उद्या येतील."